चाकाखालचा ठोकळा
रथोत्सवासाठी कुंभकोणमच्या रथवीथीतला गतिरोधक उखडला. उत्सव होऊन गेला, पण गतिरोधक पुन्हा बसलाच नाही. गुळगुळीत रस्त्यावर बसगाड्या सुसाट सुटल्या आणि परवा फुलं विकणाऱ्या सरोजाचा पाय एकीच्या चाकाखाली गेला. आज शाळा सुटायच्या वेळी त्याच रस्त्यावर राहणाऱ्या मीनाक्षीबाईंनी पदर खोचला. रथ थांबवायला चाकाखाली सारतात ते दोन जाड लाकडी ठोकळे, देवळानं टाकून दिलेले, त्यांच्या ओसरीवर बसायला ठेवले होते. त्यातला एक ओढत नेऊन त्यांनी रस्त्याच्या मधोमध ठेवला. बस कचकन थांबली, मुलं पलीकडे गेली. रस्तेखात्यात इंजिनिअर असलेला भाचा धावत आला. “अगं आत्या, नकाशात इथं गतिरोधक नाही! वाहतूक अडते!” “देवाचा रथ या ठोकळ्यापुढे थांबतो. तुझ्या वाहतुकीत देवाहून मोठं कोण आहे रे?” भाच्यानं ठोकळ्याकडे पाहिलं. “दुसरा ओसरीवर आहे. जा, घेऊन ये.”