पडद्यापलीकडची म्हातारी

शिकवताना इतकं काय हसायचं असतं? नात कॉम्प्युटरवर एका ग्रीक माणसाला इंग्रजी शिकवते. एका शब्दाचे चार अर्थ, वर वाक्प्रचार, त्यातून गमती होतात, म्हणे. पोरीचं लग्न ठरवायचंय, म्हणून मी मेथी निवडत तिच्यामागेच बसते.

काल तो जरा सरकला. त्याच्यामागे काळ्या कपड्यांतली म्हातारी शेंगा सोलत बसलेली, नजर आमच्या पोरीवर रोखलेली.

“ही कोण गं?”

“त्याची आई. तिला वाटतं, मी त्याला नादी लावीन.”

“तू? त्या टकल्याला?” मी मेथी बाजूला सारली. “सांग तिला, आमच्याकडे स्थळांची रांग लागलीय!”

“तिला इंग्रजी येत नाही, आजी.”

इंग्रजी मलाही येत नाही. म्हणून आज नथ घालूनच बसले.

पलीकडे म्हातारीच्या गळ्यात मोत्यांची माळ होती.