ताटावरचं नाव

मध्यंतर होऊन तास झाला तरी हात काही पडद्यावर आले नव्हते. तुळसाबाई सारखी मागच्या रांगेकडे वळून पाहत होती. एकटी आली असती तर गोष्ट वेगळी. पण तिने इंदोऱ्यातल्या आपल्या गल्लीची अकरा माणसं दुपारच्या खेळाला गोळा करून आणली होती. शेवटी ताटावर नाव टाकणारे हात आमच्या प्रशिकचे, हे महिनाभर ती सांगत सुटली होती.

तिचा पोरगा प्रशिक शेजारी बसला होता. कानांत कापसाचे बोळे, बोट मांडीवर अक्षरं गिरवतंय. पडद्यावर हिरो स्वमग्न माणसाचं काम करत होता. मेहनत केली होती गड्याने, खोटं कशाला बोला. प्रशिकला मेहनत नव्हती, चौतीस वर्षं तो तसाच होता. आणि इतवारीच्या भांडेबाजारात त्याच्याइतकं सरळ नाव टाकणारा दुसरा कोणी नव्हता.

शूटिंगच्या दिवशी नाव कोरायचं मशीन धरताना हिरोचा हात थरथरला, म्हणून दिग्दर्शकाने प्रशिकला बसवलं. ताटावर नुसतं ‘आई’ लिहायचं होतं. प्रशिक अडून बसला.

“नुसतं आई लिहिलं तर लग्नाघरून ताट परत कोणाच्या घरी येईन?”

आणि त्याने आपल्या रीतीने पूर्ण नाव-पत्ता टाकून दिला. दिग्दर्शकाच्या कपाळाला आठी पडली. दुसरं ताट घ्यायला उजेड उरला नव्हता. तुळसाबाईने चार लोकांत पोराला झापलं होतं, “सांगतलं तेवढंच काहून नाही लिहिलं?” ते बोलणं तिला आजपावेतो टोचत होतं.

“कापलं असन वं,” मागच्या रांगेतून शेजारची पार्वतीबाई कुजबुजली. “सिनेमावाल्यांचा काय भरोसा.”

“थांब ना वं जराशी,” तुळसाबाई म्हणाली. तिलाही आता तेच वाटत होतं.

तेवढ्यात मशीनची घरघर ऐकू आली. प्रशिकचं बोट थांबलं. पडद्यावर दोन हात आले, डाव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग. हात हिरोचे नव्हतेच. ठिपक्याला ठिपका लागत अक्षरं उमटू लागली, एकेक माणसाएवढं.

सिनेमातल्या आईला आतापर्यंत कोणी नावाने हाक मारली नव्हती. तिने ताट उचललं, पदराने पुसलं आणि सावकाश वाचलं,

“तुळसाबाई आनंदराव मेश्राम. इंदोरा, नागपूर.”

पुढच्या रांगेत कोणीतरी नाक ओढलं. मागून पार्वतीबाईचा हात आला आणि तुळसाबाईच्या खांद्यावर पडून राहिला. तुळसाबाईला रडू आलं नाही. ती खुर्चीत ताठ बसली, शाळेत हजेरीला नाव पुकारल्यावर बसावं तशी.

“बरोबर लिहिलं गा तू,” ती प्रशिकला म्हणाली. “माहंच चुकलं होतं.”

प्रशिकने कानातला एक बोळा काढला.

“नाव आपलं आहे. ताट घरी कधी येईन?”

तुळसाबाईने पडद्याकडे पाहिलं, मग अंधारात डोळे पुसणाऱ्या सगळ्या लोकांकडे.

“लग्नाघरी आहे ते, बापा. जेवू दे लोकांले.”