आता सगळं पुसलं जाईल

“काका रोज पहिल्यापासून लिहितात,” ग्रंथपाल बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, “आणि तुमचं मशीन रोज गिळून टाकतं. पाप लागेल हो, मिस्त्री!”

मिस्त्रीने स्क्रू पिळता पिळता मान वर केली. तीन नंबरच्या कॉम्प्युटरसमोर पेन्शनर काका बसले होते. दोनच बोटांनी, पण घाम फुटेस्तोवर टाइप करत होते. मध्येच त्यांनी रुमालाने डोळे टिपले.

वाचनालयातले हे सहा कॉम्प्युटर म्हणजे मिस्त्रीची जिवाभावाची लेकरं. एका कचेरीने भंगारात काढलेली अकरा धुडं त्याने हातगाडीवरून आणली होती. पाच मोडून सहा उभी केली आणि त्यांच्यावर मुक्त सॉफ्टवेअर चढवलं. ना कुणाची परवानगी, ना कुणाचं लायसन्स. लोक म्हणाले, फुकट ते पौष्टिक. मिस्त्रीने मनावर घेतलं नाही. एका गोष्टीचा मात्र त्याला भारी अभिमान होता. वाचक काम संपवून उठायला लागला की पडद्यावर सूचना यायची, ‘आता सगळं पुसलं जाईल’. खाली एकच बटण, ‘बरं’. ते दाबलं की लिहिलेलं, पाहिलेलं, शोधलेलं सगळं साफ. पुढच्या माणसाला कोरी पाटी.

काका गेले चार महिने दहाच्या ठोक्याला यायचे, तासभर लिहायचे, सूचना येताच ‘बरं’ दाबायचे आणि घरी जायचे.

“त्यांना ती सूचना दिसतच नसणार. नजर अधू झालीय,” बाई म्हणाल्या. “परवा जाता जाता मी पहिली ओळ पाहिली. ‘आपल्या संसाराला चाळीस वर्षं झाली.’ बायकोला लिहितायत हो! या वयात!”

मिस्त्री विरघळला. आपणच घातलेला नियम मोडून त्याने तीन नंबरच्या मशीनला गुपचूप लक्षात ठेवायला शिकवलं. आठ दिवसांत आठ पत्रं जमली. त्यातलं सगळ्यात लांब, काकांच्या मोठाल्या टाइपात सतरा पानांचं, त्याने छापलं. वाचलं मात्र नाही. दुसऱ्याचं पत्र वाचणं म्हणजे चोरी, असं त्याचं ठाम मत होतं. पानं पालथी ठेवूनच त्याने टाचली. दुसऱ्याचं पत्र परस्पर पोचवण्याबद्दल त्याचं काहीच मत नव्हतं. काका पडले लाजाळू, त्यांच्या हातून हे व्हायचं नाही, यावर त्याचं आणि बाईंचं एकमत झालं. बाईंनी वरून लाल फीत बांधली.

दुसऱ्या दिवशी काका मशीनवर बसलेले पाहून मिस्त्री त्यांच्या घरी गेला. काकूंनी दार उघडलं. हातात इस्त्री करायचा शर्ट होता, काकांचाच.

“काकांनी तुमच्यासाठी लिहिलंय. चार महिने, रोज.”

काकू चक्क लाजल्या. चष्मा शोधून खुर्चीत बसल्या. पहिल्या ओळीला हसल्या. दुसऱ्या ओळीला हसू तिथेच थांबलं.

“‘चाळीस वर्षांत तू मला एक वाक्य पुरं करू दिलं नाहीस,’” त्या कोरड्या आवाजात वाचू लागल्या. “‘रात्री तुझं घोरणं आणि दिवसा तुझं बोलणं. धाकटा घर सोडून गेला, तो तुझ्या जिभेपायी.’”

मिस्त्रीच्या पायाखालची जमीन सरकली. कुणाचं भलं करायला निघालो आणि कुणाचा चाळीस वर्षांचा संसार मोडून बसलो! त्याला रडूच यायला लागलं. पळावं तर गठ्ठा काकूंच्या हातात.

काकूंनी पुढचं मोठ्याने वाचलं नाही. पण सतराच्या सतरा पानं वाचली, एकही न गाळता. धाकट्याच्या ओळीवर परत एकदा आल्या, तेव्हा त्यांचे डोळे भरले. मग त्यांनी पानं जुळवून नीट फीत बांधली.

“आधी या घरात रोज भांड्याला भांडं लागायचं,” त्या म्हणाल्या. “चार महिने झाले, चढा आवाज नाही. दहाला धुसफुसत जातात, अकराला शीळ घालत येतात. मी शेजारणीला सांगत सुटले, वाचनाने माणूस सुधारला!”

“चूक माझी आहे, काकू. आत्ता जातो आणि मशीन पूर्वीसारखं करतो.”

“कराच. आणि हे घेऊन जा. तुम्ही आला नव्हतात, मी काही वाचलं नाही.”

मिस्त्रीने गठ्ठा पिशवीत कोंबला. तो जिन्याच्या दोन पायऱ्या उतरला असेल नसेल, तोच मागून हाक आली.

“अहो, अकरा वाजता ते मशीन कुणाकडे असतं?”

“कुणाकडेच नाही. मोकळं असतं.”

“आणि लिहिलेलं खरंच पुसलं जातं?”

“अक्षर न् अक्षर, काकू.”

काकूंनी पदर खोचला.

“मग माझं नाव लिहा,” त्या म्हणाल्या. “पण एक तास मला पुरायचा नाही. दोन लिहा.”