नव्या वाडीची पहिली सुपारी

वादळाने दिवेआगरची पोफळींची वाडी आडवी केली, तेव्हापासून भाऊ झोपेत करकरा दात खात. दात पार झिजून गेले. बोर्लीचे दातांचे डॉक्टर बजावत राहिले, "कॅप बसवून घ्या, तोवर कठीण काही चावू नका." भाऊंचं एकच, "आधी वाडी लागती होऊ दे."

यंदा नव्या पोफळींना पहिलं पीक आलं. पहिली सुपारी घरच्या कर्त्याने दाताने फोडून पारखायची, ही त्यांच्याकडची रीत. श्यामलाकाकूंनी अडकित्ता पुढे केला, "अहो, हट्ट नको." भाऊंनी तो बाजूला सारला आणि सुपारी दाढेखाली धरली.

काड्कन आवाज झाला.

"फुटली हो!" काकूंचे डोळे भरून आले.



भाऊंनी ओंजळीत तोंड रिकामं केलं. सुपारी अख्खीच होती.