ओळखीची मूठ, अनोळखी हात

उपचाराच्या पाचव्या खेपेला हाताला लावलेल्या यंत्राचे विजेचे ठोके थांबले आणि मधुकर तांबटांची उजवी मूठ अलगद उघडली. अर्धांगवायूनंतर दीड वर्ष ती आवळलेलीच होती. त्यांच्या पत्नी सुमतीबाईंनी देवाला हात जोडले.

मग बोटं आपणहून हलायला लागली. दोऱ्यात फूल धरावं, वेढा घ्यावा, गाठ मारावी, तशी.

"अहो, हे काय करताय?"

"मी नाही गं करत," मधुकरराव घाबरून म्हणाले. जन्मभर त्यांनी हातोड्याने तांब्याचे हंडे घडवले होते.

"काकू, हे ठोके एका निरोगी हातावरून उतरवून घेतलेत," थेरपिस्ट मृणाल म्हणाली. "स्नायू त्याच्याकडून सैल व्हायला शिकतात. थोड्या सवयीही येतात."

"कोणाचा हात?"

"ते सांगता येत नाही. हा उपचार बंद करू? पण मूठ पुन्हा आवळेल."

सुमतीबाई गोंधळल्या. तेवढ्यात त्या हाताने त्यांची कपाळावरची बट हळुवार कानामागे सारली. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यांनी झटकन डोक्यावर पदर घेतला.

"अगं, मीच आहे!"

"मघाशी तर नाही म्हणालात," त्या पुटपुटल्या. एका हाताने त्यांनी पदर घट्ट धरला होता आणि दुसऱ्या हाताने तो हात.