गाणं संपेपर्यंत

"पासवर्ड चुकलाय," लेक ॲम्प्लिफायरच्या मागून ओरडली. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात वायरींचा गुंता, केसांत धूळ. "आई, परत सांग."

आईने चिठ्ठीवर बघून परत सांगितला. या वेळी नव्या डबीवरचा दिवा निळा झाला. इंटरनेटवरची सगळी गाणी आता बाबांच्या स्टिरिओवर वाजणार होती.

तो स्टिरिओ म्हणजे घरातला जावईच. सगळे लाड त्याचे. माणसाएवढे उंच स्पीकर, त्यांच्यासमोर एकच खुर्ची, तीही बाबांची. बाबा कामावरून आले की गाणं लागायचं, ते त्यांचा डोळा लागेपर्यंत. मध्ये कुणी बोलायचं नाही. कुणी तोंड उघडलंच, तर बाबा डोळे मिटूनच एक बोट वर करायचे आणि बोलणारा गप्प व्हायचा. लेकीला त्यात कधी वावगं वाटलं नाही. उलट, दर्दी माणसं अशीच असतात, असं ती मैत्रिणींना कौतुकाने सांगायची.

मग बाबांना झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. खाट स्पीकरसमोर आणून टाकली, पण रेकॉर्ड लावणार कोण? "मला कधी हात लावू दिलाय का त्यांनी?" आई म्हणायची, आणि ते खरंच होतं. मुक्या स्पीकरांकडे बघत पडलेले बाबा पाहून लेकीचा जीव तुटायचा. म्हणून तर ही डबी आणली. आता फोनवर बोट टेकवलं की काम झालं.

तिने बाबांचं लाडकं गाणं शोधून लावलं. खोली सुरांनी भरून गेली. बाबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. डावा हात चादरीवरून उचलला गेला आणि एक बोट वर झालं.

"आई, बघ! दाद दिली बाबांनी!" लेकीला रडू आवरेना.

आई बघतच होती. ती ओले हात पुसत पुढे आली. "मला शिकव हे."

लेकीला हायसं वाटलं. साधा फोन लावायलाही जिला शेजारीण लागायची, ती आई आज एकेक गोष्ट खोदून खोदून विचारत होती. आवाज कुठून वाढवायचा, दुसरं गाणं कसं लावायचं.

"आणि बंद?"

"हे काय, इथे दाबायचं."

आईने दाबलं. गाणं ओळीच्या मध्येच तुटलं.

"अगं, ऐकू दे ना त्यांना!"

"ऐकू देणारच आहे." आईने बाबांची खुर्ची ओढली, स्पीकरकडे पाठ केली आणि खाटेला टेकून बसली. नवऱ्याचं वर राहिलेलं बोट तिने धरून खाली ठेवलं. मग लेकीकडे न बघता ती बोलू लागली.

"अहो, हिच्या आधी मला एकदा दिवस गेले होते. ते सांगायला मी या दारात उभी होते, तुमचं गाणं संपायची वाट बघत. ते मूल पोटातच गेलं, तेव्हाही गाणंच चालू होतं."