औटकीचं कुलूप

“अगं, थांबला का तो?” डॉक्टरकाकू ओरडल्या.

नदीच्या मध्यावर माझा ड्रोन जागच्या जागी घोंघावत होता. पोटाला गोळ्यांची पुडी बांधलेली. पलीकडे जायचा साकव मोडलेला, आणि पलीकडच्या वाडीत पाच वर्षांच्या पोराला विंचू चावलेला.

ड्रोन उडवायच्या टॅबवर लाल पडदा आला होता. माझाच! माझी सात वर्षांची बहीण राधी कार्टूनला चिकटते म्हणून मीच बनवलेलं कुलूप. अर्ध्या तासाने टॅब बंद, मग मोठ्यांनाच येईल असा प्रश्न. प्रश्न आजोबांनी भरलेले, मलाही न सांगता. विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आला होता त्याचा! आज घाईत ते काढायचंच राहिलं.

‘नऊ औटे किती?’

औट म्हणजे काय, देव जाणे! काकूंनाही येईना. आजोबा फोन उचलेनात. मी अंदाजाने दोनदा चुकले. आणखी एकदा चुकलं की टॅब तासभर बंद, आणि ड्रोनची बॅटरी उरली तीन मिनिटांची.

“साडेएकतीस,” मागून राधी म्हणाली.

“गप गं, मस्करी नको!”

“अगं ताई, औट म्हणजे साडेतीन. कर की गुणाकार!”

मी आकडा टाकला. पडदा हिरवा झाला. ड्रोन हलला, पलीकडे उतरला. थोड्या वेळाने तिथल्या नर्सताईंचा फोन आला, “गोळी दिली गं!”

मी राधीकडे वळले. “तुला कसं येतं?”

“आजोबांकडून औटकीचा अख्खा पाढा पाठ केलाय. नाहीतर रोज कार्टून कसं बघते मी?”

माझं पहिल्या नंबराचं कुलूप तिने कधीच फोडलं होतं. तिला उचलून मी गरागरा फिरवलं!